फिरती शील्ड आणि सहा संघांची साखळी: न्यूझीलंडच्या प्रांतिक रग्बीतून पुण्यासाठी काय घेता येईल?

खडकी_फॉरवर्ड

नमस्कार मंडळी. येत्या डिसेंबर ते फेब्रुवारीत पुण्यात सहा क्लबांची रग्बी साखळी भरवायचं घाटतंय. पंधरा-पंधराचा खेळ, प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा, मैदान एकच. नुसता करंडक ठेवण्यापेक्षा न्यूझीलंडच्या रॅनफर्ली शील्डसारखी फिरती शील्ड (धारकाला हरवेल त्याच्याकडे जाणारी) ठेवावी असं मत पडलंय, म्हणजे तळाच्या संघालाही शेवटच्या आठवड्यापर्यंत जिंकण्यासारखं काहीतरी उरेल.

विचारायचं ते असं. तिथल्या छोट्या प्रांतिक संघटना, नेल्सन आणि मार्लबरोसारख्या, इतकी वर्षं टिकल्या कशा आणि त्यांच्या स्पर्धा कशा रचलेल्या असतात? शील्डचे नेमके नियम काय? एकाच मैदानावर सगळे सामने असताना ‘घरचा सामना’ कसा ठरवायचा? बोनस गुण ठेवावेत का? आणि मैदान आखताना कुठे चुकतं? ज्यांनी हे नियम बारकाईने वाचलेत किंवा स्पर्धा चालवल्यात त्यांनी सविस्तर लिहावं.

जुनी_पानं

नेल्सनचं नाव घेतलंत ते बरं केलंत. न्यूझीलंडमध्ये रग्बीच्या नियमांनी झालेला पहिला सामना तिथलाच: १४ मे १८७०, नेल्सन कॉलेज विरुद्ध गावातला फुटबॉल क्लब. चार्ल्स मन्रो नावाचा तरुण इंग्लंडमध्ये शिकायला होता, तिथून तो हा खेळ घेऊन आला आणि गावातल्या लोकांना त्याने तो खेळायला लावलं. क्लबाने दोन गोल केले, कॉलेजचा एकही नाही. त्या काळी नुसत्या ट्रायला (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवण्याला) गुण नव्हते. ट्राय केली की गोलावर किक मारण्याचा हक्क मिळायचा, एवढंच.

पुढची गोष्ट तुमच्या कामाची आहे. तिथे प्रांतिक संघटना आधी झाल्या, राष्ट्रीय संघटना नंतर. कँटरबरीची संघटना १८७९ ची, वेलिंग्टनची त्याच वर्षीची, ओटागोची १८८१ ची. राष्ट्रीय संघटना उभी राहिली १८९२ मध्ये, आणि तेव्हाही कँटरबरी, ओटागो आणि साउथलंड सुरुवातीला बाहेरच राहिल्या. काही वर्षांनी आत आल्या, पण आपल्या क्लब स्पर्धा, आपली मैदानं, आपले हिशेब सांभाळूनच. प्रांतिक संघटनेचं रोजचं काम म्हणजे क्लबांची साखळी चालवणं, पंच तयार करणं आणि त्यातून प्रांताचा संघ निवडणं. शील्डबिल्ड त्याच्यावरचा मजला. पुण्यातही हा क्रम उलटा करू नका.

रॅनफर्ली शील्ड म्हणजे तिथल्या गव्हर्नरने, अर्ल ऑफ रॅनफर्लीने दिलेलं बक्षीस. १९०२ च्या हंगामात सर्वांत चांगली कामगिरी म्हणून ती ऑकलंडला सुपूर्द केली गेली. म्हणजे पहिल्या धारकाने ती मैदानात कुणाकडून जिंकलेलीच नव्हती. पहिलं आव्हान आलं १९०४ मध्ये: वेलिंग्टनने ऑकलंडमध्ये जाऊन ६–३ ने ती नेली. मधली दोन वर्षं शील्ड नुसती पडून होती, हे लक्षात ठेवा. आणखी एक गंमतीचा तपशील असा की शील्डवरचं चित्र मुळात फुटबॉलचं होतं. नंतर गोलाच्या आडव्या दांड्यावर उभे खांब कोरून त्याचं रग्बी केलं.

जुने निकाल वाचताना एक सावधगिरी. ट्रायला १९७१ पर्यंत ३ गुण होते, मग ४ झाले, १९९२ पासून ५ आहेत. १९०४ चा ६–३ हा आजच्या हिशेबाने फार कमी गुणांचा वाटतो, तसा तो नव्हता.

मार्लबरोबद्दल. ब्लेनिम गावाच्या आसपासची ही छोटी संघटना. १९७३ मध्ये त्यांनी क्राइस्टचर्चच्या लँकेस्टर पार्कवर कँटरबरीला १३–६ ने हरवून शील्ड नेली. पुढच्या वर्षी त्यांच्याकडून ती साउथ कँटरबरीने घेतली, तीही छोटीच संघटना. शील्डचं खरं बळ मला इथे दिसतं. साखळीत मार्लबरो कधीच कँटरबरीच्या वर गेली नसती; एका दुपारी मात्र गेली. उलट टोकही आहे: ऑकलंडने १९८५ ते १९९३ सलग ६१ वेळा शील्ड राखली, शेवटी वायकाटोने ती सोडवली. त्याच १९९३ मध्ये नॉर्थ ओटागोविरुद्धचा निकाल १३९–५ होता. म्हणजे छोट्या संघाला संधी देणारा नियमच त्याला चिरडूही शकतो.

देशव्यापी साखळी १९७६ ची, पहिला विजेता बे ऑफ प्लेंटी. २००६ मध्ये तिचे दोन भाग झाले: वर १४ संघांची व्यावसायिक स्पर्धा, खाली १२ हौशी संघटनांची हार्टलंड चँपियनशिप. हार्टलंडची रचना मला तुमच्यासाठी वरच्या स्पर्धेपेक्षा मोलाची वाटते. साखळी संपली की पहिले चार संघ मीड्स कपसाठी बाद फेरी खेळतात आणि पाचवा ते आठवा लोचोर कपसाठी. सातव्या-आठव्या जागेसाठीही शेवटपर्यंत चुरस राहते.

याच फेररचनेत नेल्सन बेज आणि मार्लबरो यांनी एकत्र येऊन टास्मन संघटना केली. आपापली क्लब स्पर्धा आणि नावं मात्र उपसंघटना म्हणून कायम ठेवली. बुलर आणि वेस्ट कोस्ट या शेजाऱ्यांबरोबरची सेडन शील्डही चालूच राहिली; चार शेजारी संघटनांची ही शील्ड म्हणजे तुमच्या कल्पनेचं जवळचं भावंड. टास्मनने २०१९ आणि २०२० ला वरची साखळी जिंकली. रॅनफर्ली शील्ड मात्र पहिल्यांदा मिळाली २०२४ मध्ये, आणि लगेच पुढच्याच सामन्यात तारानाकीने ती नेली.

तिसरा_पंच

वरचं उत्तर उत्तम. मी शील्डच्या नियमांवर आणि वेळापत्रकावर लिहितो.

रॅनफर्ली शील्डचा गाभा तीन वाक्यांत मावतो. धारक संघाचा साखळीतला प्रत्येक घरचा सामना आपोआप शील्डचा सामना असतो. बाहेरच्या सामन्यात शील्ड पणाला नसते. बरोबरी झाली तर शील्ड धारकाकडेच राहते. बाद फेरीतले सामने आपोआप शील्डचे होत नाहीत. हार्टलंडच्या संघांसाठी साखळीबाहेरचे आव्हान-सामने वेगळे ठरवले जातात.

तुमचं मैदान एकच, तेव्हा घर-बाहेर कागदावर ठरवा: वेळापत्रकात ज्याचं नाव आधी तो घरचा संघ. हे पहिल्या सामन्यापूर्वी छापून सगळ्या कर्णधारांच्या सह्या घ्या, कारण सगळं भांडण इथेच होतं. सहा संघांना १ ते ६ क्रमांक चिठ्ठ्या टाकून द्या आणि हे वापरा (आधी लिहिलेला घरचा):

पहिली फेरी: १–६, २–५, ३–४
दुसरी: ६–४, ५–३, १–२
तिसरी: २–६, ३–१, ४–५
चौथी: ६–५, १–४, २–३
पाचवी: ३–६, ४–२, ५–१

एकूण १५ सामने. १, २, ३ यांना तीन-तीन घरचे सामने, ४, ५, ६ यांना दोन-दोन. पाच सामन्यांत याहून समान वाटणी होऊच शकत नाही. पुढच्या वर्षी नावं उलटी करा, फिट्टंफाट.

आता यात शील्ड फिरवून बघा. सुरुवातीला १ कडे असेल तर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या फेरीत ती पणाला लागते. पहिल्याच फेरीत ६ जिंकला तर तो दुसऱ्या आणि चौथ्या फेरीत बचाव करेल. म्हणजे शील्ड कुठेही गेली तरी हंगामभर कुलूपबंद राहत नाही. धारकाचा प्रत्येक सामना शील्डचा केला तर? ती अवघ्या पाच सामन्यांत मनमानी फिरते आणि ‘शील्ड राखली’ या शब्दाला वजन राहत नाही. घरच्याच सामन्यांचा नियम ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला धारक कामगिरीवरून ठरवू नका. १९०२ ते १९०४ मध्ये काय झालं ते वर आलंच आहे. हंगामाआधी एका दिवसाची सेव्हन्स (सात-सात खेळाडूंची) स्पर्धा घ्या, जिंकेल तो पहिला धारक. आणि नियमावलीत सक्ती लिहा: साखळीबाहेरच्या संघाने २१ दिवस आधी लेखी आव्हान दिलं तर हंगामात किमान दोन आव्हानं स्वीकारावीच लागतील, नाहीतर शील्ड समितीकडे जमा. हे कलम नसेल तर हाती शील्ड असलेला संघ जानेवारीतच ‘आमचे खेळाडू दुखापतग्रस्त आहेत’ म्हणायला लागतो.

वस्तूबद्दल: सागवानी पाट, मध्ये मोठी पट्टी, भोवती निदान २४ छोट्या पट्ट्यांची जागा. प्रत्येक पट्टीवर तारीख, दोन्ही संघ आणि निकाल, फक्त विजेत्याचं नाव नको. मजकूर कोरायला देण्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना दाखवा. शील्ड देताना फोटो, पोचपावती आणि अनामत रक्कम.

गुणलेखक

बोनस गुण जरूर ठेवा, पण कोणते ते समजून ठेवा.

नेहमीची पद्धत न्यूझीलंडच्या प्रांतिक साखळीतूनच १९९५ मध्ये सुरू झाली: विजय ४, बरोबरी २, पराभव ०. चार किंवा अधिक ट्रायला १ गुण, सातपर्यंतच्या फरकाने हरलं तर १ गुण. उदाहरणार्थ निकाल ३१–२६, दोघांच्याही चार-चार ट्राय. विजेत्याला ५, पराभूताला २. एका सामन्यातून तक्त्यात जास्तीत जास्त ७ गुण येतात, बरोबरीत जास्तीत जास्त ६.

फ्रान्सच्या वरच्या साखळीत वेगळं आहे. तिथे ट्रायचा बोनस प्रतिस्पर्ध्यापेक्षा तीन ट्राय जास्त केल्या तर मिळतो, आणि हरणाऱ्याचा बोनस पाच गुणांपर्यंतच्या फरकाला. त्यामुळे २१ गुणांनी पुढे असलेला संघही शेवटच्या मिनिटापर्यंत बचाव ढिला सोडत नाही. समोरच्याची एक ट्राय झाली की बोनस गेला.

सहा संघांत एक-दोन नवखे असणार. चार ट्रायच्या पद्धतीत त्यांच्याविरुद्ध अर्ध्या वेळेतच बोनस मिळतो आणि उरलेला अर्धा सामना रटाळ होतो. पण नवख्या संघालाही हरता हरता चार ट्रायसाठी खेळता येतं, हे त्या पद्धतीचं मोठं पुण्य. पहिल्या वर्षी मी चार ट्रायचीच ठेवेन. संघांची ताकद जवळ आली की फ्रेंच पद्धतीकडे जा.

गुण सारखे झाले तर क्रम असा लिहा: आपसातल्या सामन्याचा निकाल, मग एकूण गुणफरक, मग एकूण ट्राय, मग नाणेफेक. तीन संघ सारखे आले तर आपसातल्या सामन्यांचा छोटा तक्ता करायचा की थेट गुणफरकाला जायचं, हेही लिहा. बहुतेक नियमावल्या दोन संघांपाशीच थांबतात.

गुणफरकाला मर्यादा हवी. एका सामन्यातून तक्त्यात जास्तीत जास्त ५० चाच फरक धरा. १३९–५ सारखा निकाल तक्ताच नव्हे, हरणारा क्लबही संपवतो.

संघ आलाच नाही तर समोरच्याला ५ गुण, पण गुणफरकात शून्य. आलेल्या संघाला फुकटचा फरक मिळाला तर तिसराच संघ बुडतो. पावसाने किंवा मैदानाच्या अडचणीने सामना झालाच नाही तर २०१९ च्या विश्वचषकातला मार्ग सोपा आहे. जपानमध्ये हागिबिस वादळामुळे तीन सामने रद्द झाले तेव्हा प्रत्येकी २ गुण आणि ०–० असा निकाल धरला होता. शील्डच्या सामन्याला हा नियम लावलात तर शील्ड धारकाकडेच राहील, म्हणून तो सामना राखीव तारखेला ढकला. राखीव रविवार दोन ठेवा.

गुणपत्रकावर मिनिट, खेळाडूचा क्रमांक आणि प्रकार (ट्राय, कन्व्हर्जन म्हणजे ट्रायनंतरची गोलावरची किक, पेनल्टी, ड्रॉप गोल) हे तीन रकाने हवेतच. नुसते गुण लिहिले तर ७ म्हणजे ट्राय अधिक कन्व्हर्जन हे कळतं, पण १० म्हणजे दोन ट्राय की ट्राय, कन्व्हर्जन आणि पेनल्टी हे नंतर कुणालाच आठवत नाही, आणि बोनस त्यावरच अवलंबून असतो.

मुरूम_ते_माती

मैदानाचं माझ्याकडून.

ट्रायलाइन ते ट्रायलाइन ९४ ते १०० मीटर, रुंदी ६८ ते ७०, आणि प्रत्येक टोकाला इन-गोल (ट्रायलाइनमागचा, ट्राय जिथे होते तो पट्टा) किमान ६ मीटर. म्हणजे आखलेली लांबी किमान १०६, चारी बाजूंना ५-५ मीटर मोकळी जागा धरली तर ११६ बाय ७८. शहरातली बहुतेक फुटबॉल मैदानं इथेच कमी पडतात. दोन्ही संघ आणि पंच मान्य असतील तर मैदान थोडं लहान करून खेळता येतं. पण आधी इन-गोल कापू नका, लांबी कापा. इन-गोल तोकडं असलं की ट्राय करणारा खेळाडू भिंतीवर किंवा जाळीवर आदळतो.

खांबांत ५.६ मीटर अंतर, आडवा दांडा ३ मीटरवर, खांबांची एकूण उंची किमान ३.४ (जास्त असेल तर पंचाचं काम सोपं). फुटबॉलच्या गोलाला वर बांबू बांधून चालवण्याचा मोह होतो. तो गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ उंच असतो, म्हणजे किक मारणाऱ्याला १.७२ मीटर जास्त रुंदी आणि ५६ सेंटीमीटर कमी उंची. शील्डवरच्या चित्रात ते शोभतं, मैदानात नाही. खांबांना माणसाच्या उंचीएवढा जाड फोम लावा. तो ट्रायलाइनच्या पुढे ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त यायला नको.

फक्की चुन्याची नको, अजिबात नको. कबड्डीच्या मैदानाला चालते म्हणून लोक आणतात. रग्बीत तोंड, डोळे, खरचटलेले गुडघे थेट रेषेवर घासतात आणि कच्चा चुना ओला झाला की भाजतो. खडूची पूड किंवा पाण्यात मिसळायचा पांढरा रंग वापरा. अखंड रेषा: दोन्ही बाजू, ट्रायलाइन, २२, मध्यरेषा. तुटक: १०, ५ आणि १५ मीटर.

आता माती. मुरमाच्या मैदानावर टॅकलचा (धरून पाडण्याचा) खेळ घेऊच नका, टच रग्बी (पाडण्याऐवजी नुसता हात लावायचा) घ्या. काळ्या मातीला डिसेंबरनंतर भेगा पडतात आणि बोटभर भेगेतही घोटा मुरगळतो. सामन्याच्या आठ दिवस आधी भेगांत चाळलेली माती आणि वाळू भरा, मग दोन दिवस आधी संध्याकाळी भरपूर पाणी. आदल्या रात्री पाणी मारलं तर सकाळी वरचा थर चिकट आणि खालचा दगड, हे सर्वांत वाईट. सोपी परीक्षा: मोठा स्क्रू ड्रायव्हर हाताने दाबून चार-पाच सेंटीमीटर आत गेला पाहिजे. दहा ठिकाणी बघा, विशेषतः २२ मीटरच्या रेषांच्या मध्ये, कारण सर्वांत जास्त टॅकल तिथे होतात. भाड्याच्या छोट्या फुटबॉल टर्फवर खालचा शॉकपॅड (धक्का शोषणारा थर) बहुधा नसतो, तिथेही टचच.

चेंडू पाच नंबरचा, ४१० ते ४६० ग्रॅम, हवा ९.५ ते १० पीएसआय. सामन्याला तीन चेंडू आणि गेज असलेला पंप. अंगठ्याने दाबून हवा तपासणं सोडून द्या.

१०८ ची रुग्णवाहिका बोलावल्यावर येते, मैदानावर थांबून राहत नाही. स्पाइन बोर्ड, कॉलर आणि ते वापरता येणारा माणूस यांच्यासह एक रुग्णवाहिका सामना संपेपर्यंत उभी हवी. ती निघून गेली तर खेळ थांबवायचा, परत आली की सुरू. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत नाही. हा निर्णय डॉक्टरचा किंवा पंचाचा, प्रशिक्षकाचा नाही.

हूकर_दोन

सगळ्यांनी छान लिहिलंय, पण मूळ प्रश्नातल्या एका गोष्टीला माझा विरोध आहे. पंधरा-पंधरा पहिल्याच वर्षी नको.

कारण फ्रंट रो. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू जुंपून एकमेकांना रेटतात ती रचना; फ्रंट रो ही तिची पुढची फळी, मध्ये हूकर आणि दोन्ही बाजूंना प्रॉप. संघात १५ खेळाडू असतील तर या फळीचे प्रशिक्षित ३ लागतात, १६ ते १८ असतील तर ४, १९ ते २२ असतील तर ५, आणि २३ असतील तर ६. सहा संघांनी २२-२२ खेळाडू आणले तर पुण्यात असे ३० जण हवेत, जे दोन्ही प्रॉप आणि हूकर या जागा सुरक्षितपणे सांभाळू शकतात. ‘वजनदार आहे, लाव पुढे’ म्हणून ही जागा भरली की मानेची दुखापत होते. स्क्रम कोसळतं तेव्हा मागच्या पाच जणांचा भार मानेवर येतो.

प्रशिक्षित माणसं संपली की स्क्रम बिनदाबाचे होतात, म्हणजे कुणी रेटायचं नाही. मग दुबळ्या स्क्रमचा संघ मुद्दाम प्रॉपला ‘दुखापत’ करवतो. हे रोखायला एक ओळ पुरते: ज्याच्यामुळे बिनदाबाचे स्क्रम झाले त्याला त्या सामन्यात एकही बोनस गुण नाही, आणि त्याच्याकडे शील्ड नसेल तर त्या सामन्यात ती त्याला मिळणार नाही.

माझा पर्याय टेन्स: दहा-दहा खेळाडू, १०-१० मिनिटांचे दोन भाग, स्क्रम पाच जणांचं. वेळापत्रक, गुण, शील्ड सगळं हेच राहील. पहिलं वर्ष टेन्स, त्या काळात दर पंधरवड्याला सहाही संघांच्या फ्रंट रोचं एकत्र प्रशिक्षण, दुसऱ्या वर्षी पंधरा.

खडकी_फॉरवर्ड

सर्वांचे मनापासून आभार. हूकर_दोन यांचा मुद्दा पटला, सहापैकी चार संघांकडे मोजून तीनच प्रॉप आहेत. टेन्सच घेऊ. आता दोनच शंका. शील्डचा पहिला धारक ठरवायला सेव्हन्सचा दिवस कसा बसवायचा? (दोन कॉलेज संघ धरून आठ होतात.) आणि संघटनेची नोंदणी आधी करावी की नंतर?

तिसरा_पंच

आठ संघ, चार-चारचे दोन गट. गटातले सामने ६ अधिक ६, एकूण १२. मग ८: प्लेटच्या (खालच्या चार संघांच्या) दोन आणि कपच्या (वरच्या चार संघांच्या) दोन उपांत्य लढती, त्यानंतर सातवी, पाचवी, तिसरी जागा आणि अंतिम. एकूण २० सामने. सामना ७ अधिक ७ मिनिटं आणि मध्यंतर २, म्हणजे १६. प्रत्येकाला २० मिनिटांचा खण द्या.

गटाचे १२ सामने सकाळी ७ ते ११. क्रम महत्त्वाचा: अ गटाचे दोन, ब गटाचे दोन, पुन्हा अ गटाचे दोन. असं केलं तर प्रत्येक संघ ६० ते १०० मिनिटांनी खेळतो आणि मध्ये किमान ४४ मिनिटांची विश्रांती मिळते. दुपारी ११ ते ३ खेळ बंद. पुढे ३ आणि ३.२० ला प्लेटच्या उपांत्य, ३.४० आणि ४ ला कपच्या, ४.२० ला सातव्या जागेचा, ४.४० ला पाचव्या, ५ ला तिसऱ्या, ५.२० ला अंतिम. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं, म्हणून सकाळचा उशीर दुपारी भरून काढता येईल या भरवशावर राहू नका. गटातला सामना १० मिनिटं उशिरा सुरू झाला तर तो ६-६ मिनिटांचा होईल, हे आधीच जाहीर करा.

गटात विजय ३, बरोबरी २, पराभव १, न आल्यास ०. हरून १ आणि न येऊन ०, हा फरक मुद्दाम आहे: दोन सामने हरलेला संघ तिसऱ्याला थांबावा म्हणून. कन्व्हर्जन ड्रॉप किकने (चेंडू हातातून सोडून, टप्पा पडताच मारलेल्या किकने), ३० सेकंदांत. गुण करणारा संघच पुढची किकऑफ मारतो. पंधराच्या खेळाची सवय असलेले इथे हमखास चुकीच्या बाजूला उभे राहतात. पिवळं कार्ड म्हणजे २ मिनिटं. बाद फेरीत बरोबरी झाली तर पाच-पाच मिनिटांचा जादा वेळ, पहिला गुण करेल तो जिंकला. पंच चार हवेत, दोन आलटून पालटून मैदानात आणि दोन रेषेवर. दोघांवर वीस सामने ढकलले तर दुपारी निर्णय चुकायला लागतात.

जुनी_पानं

नोंदणीबद्दल. सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासद लागतात. प्रत्येक क्लबाचा एक आणि पंचांचा एक प्रतिनिधी घेतला की सातच होतात, आणि कुठल्याही एका क्लबाचं बहुमत होत नाही. महाराष्ट्रात अशी संस्था धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. घटनेत तीन गोष्टी आत्ताच घाला: शील्ड संस्थेच्या मालकीची आहे, धारकाच्या नाही, नियमात बदल फक्त हंगाम संपल्यावर, आणि संस्था बंद पडली तर शील्डचं काय करायचं.

शेवटची ओळ अनाठायी वाटेल, पण कलकत्त्याचं उदाहरण समोर आहे. कलकत्ता फुटबॉल क्लब १८७३ मध्ये निघाला, १८७८ मध्ये बंद झाला. सभासदांनी बँकेतले २७० चांदीचे रुपये वितळवून त्याचा चषक घडवला, तीन नागांचे कान आणि झाकणावर हत्ती असलेला, आणि इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी त्याच्यासाठी खेळतात. क्लब पाच वर्षंच जगला, पण काय करायचं ते सभासदांनी बंद पडण्याआधी ठरवलं होतं.

नोंदणीला वेळ लागतो, तेव्हा अर्ज आत्ताच करा. पहिला हंगाम सात जणांच्या सह्यांच्या करारावर चालवता येईल, पण बँक खातं आणि मैदानाचा अर्ज एकाच नावाने करा. दोन वेगळ्या नावांनी पावत्या फाटल्या तर अनामत परत मिळायला अडचण येते.

मुरूम_ते_माती

सेव्हन्सच्या दिवसासाठी एक राहिलं. २० सामन्यांत २२ मीटरच्या आतली माती उखडणारच. ११ ते ३ च्या सुट्टीत रोलर फिरवू नका, ती घट्ट होते. दाताळ्याने सपाट करा, हलकं पाणी शिंपडा, रेषा पुन्हा मारा. दोन माणसं आणि पाच किलो खडूची पूड बाजूला ठेवा.